पाळी जाण्याच्या वयातले नऊ प्रश्न

मागच्या अंकात आम्ही पाळी जाण्याच्या काळाबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली. नाव छापू नका, अशी बहुतेकींची विनंती आहे, म्हणून इथे फक्त गावांची नावं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून नऊ प्रश्नांची उत्तरं देत आहे. ही उत्तरं माहितीसाठी आहेत. औषध मात्र तपासणीनंतरच घ्यावं.

१. माझं वय ४८. डिसेंबरच्या थंडीत फळ्यावर लिहिताना छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम वाफ चढते, दरदरून घाम फुटतो. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग हुडहुडी भरते. ताप मोजला तर नॉर्मल. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता साठली आहे, सब्जा घे, गुलकंद खा. ही उष्णता येते कुठून? (एक शिक्षिका, कराड)

ताई, हा खेळ मेंदूतला आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो आणि शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याच्या कामांपैकी एक. एरवी तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो मनावर घेत नाही. ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर घाम आणतो, खाली गेलं तर कापरं भरवतो. पाळी जाण्याच्या काळात या दोन मर्यादा एकमेकींच्या फार जवळ येतात. मग जिना चढलात, गरम चहा घेतलात, एवढंही त्याला जास्त वाटतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. त्या घामाने अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं, म्हणून मागोमाग हुडहुडी.

या मर्यादा जवळ का येतात, हेही आता बरंच उमगलं आहे. हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेन या हार्मोनचा लगाम असतो. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन घटलं की लगाम सुटतो आणि त्या पेशी अतिउत्साहाने काम करू लागतात. अमेरिकेतल्या नाओमी रान्स या संशोधिकेला पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत या पेशी आकाराने मोठ्या झालेल्या आढळल्या. या पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात हार्मोन नाही, पण ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

सब्जा घ्यायला हरकत नाही. मधुमेह असेल तर गुलकंद जपून. पण त्यांनी वाफा थांबतील अशी आशा ठेवू नका. सुती कपडे, थंडीत एका जाड स्वेटरऐवजी काढता येतील असे दोन पातळ थर, जवळ पाण्याची बाटली, रात्री हवेशीर खोली यांचा खरा उपयोग होतो. कुठल्या गोष्टीनंतर वाफ येते हे आठ-पंधरा दिवस वहीत लिहा. कुणाला चहा-कॉफी, कुणाला तिखट, कुणाला ताण नडतो. झोप उडण्याइतका त्रास असेल तर हार्मोनची आणि बिनहार्मोनची दोन्ही औषधं आहेत.

हा त्रास सहा महिन्यांत संपतो असं अनेकींना सांगितलं जातं. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात तो टिकण्याचा मध्यक काळ ७.४ वर्षं दिसला. इतकी वर्षं दात-ओठ आवळून काढायची गरज नाही.

एक सावधगिरी. रात्रीच्या घामाबरोबर बारीक ताप असेल, वजन घटत असेल, खोकला असेल तर ते पाळीवर ढकलू नका. क्षयरोगाची तपासणी करून घ्या. थायरॉइडही एकदा पाहावा.

२. आईची पाळी ५२ व्या वर्षी गेली. मी ४५ ची आहे आणि आठ महिन्यांत तीनदाच पाळी आली. पाळी गेली असं कधी मानायचं? त्यासाठी रक्ताची तपासणी करावी का? (एक गृहिणी, चिपळूण)

सलग बारा महिने पाळी आली नाही, की शेवटची पाळी ती शेवटची, असं मागे वळून म्हणता येतं. त्याआधीची काही वर्षं पाळी लवकर, उशिरा, कमी, जास्त अशी कशीही येते. तुम्ही त्या टप्प्यात आहात.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात, बाकीची आपोआप विरून जातात. साठा संपत आला की पाळीचा हिशेब विस्कटतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आईच्या वयावरून थोडा अंदाज येतो, पण तेच वय गाठलं पाहिजे असं नाही. धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते.

पंचेचाळिशीनंतर ‘एफएसएच’ या हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही. या काळात ते हार्मोन आज जास्त, पुढच्या आठवड्यात कमी असं हेलकावत असतं, त्यामुळे एका रिपोर्टवरून काही ठरत नाही. मात्र चाळिशीच्या आत पाळी थांबली तर तपासणी हवीच. त्याला अकाली रजोनिवृत्ती म्हणतात आणि त्यात हाडं व हृदय सांभाळण्यासाठी उपचार लागतात.

अजून एक गोष्ट स्पष्ट सांगते. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावं. पाळी लांबली आणि शंका असेल तर आधी घरीच लघवीची तपासणी करा.

३. जीवशास्त्राच्या पुस्तकात लिहिलं आहे की प्रत्येक सजीव शक्य तितकी पिल्लं जन्माला घालतो. मग माणसाच्या मादीची ही क्षमता निम्म्या आयुष्यातच का संपते? (अकरावीतली विद्यार्थिनी, नाशिक)

छान प्रश्न विचारलास. हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही गेली सहा-सात दशकं पडलेला आहे.

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत किंवा मरणाच्या जरा आधीपर्यंत विणाऱ्या असतात. पाळी गेल्यावरही दीर्घकाळ जगणाऱ्या प्रजाती अगदी मोजक्या आहेत. माणसाखेरीज दात असलेल्या व्हेलच्या पाच जातींत हे पक्कं दिसलं आहे. त्यांत ऑर्का, बेलुगा आणि नारव्हाल आहेत. युगांडातल्या न्गोगो इथल्या रानटी चिंपांझी माद्यांतही असं घडतं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये एक तर्क मांडला. उतारवयात नवं मूल जन्माला घालण्यात आईच्या जिवाला धोका वाढतो. त्यापेक्षा आधीची मुलं जगवण्यात ताकद लावली तर वंश टिकण्याची शक्यता जास्त. पुढे क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संग्राहक जमातीत पाहिलं, की म्हाताऱ्या बायका दिवसभर जमिनीतून कंदमुळं उकरतात आणि लेकीच्या अंगावर पिणारं बाळ असताना तिच्या मोठ्या मुलांची पोटं त्याच अन्नावर भरतात. यालाच ‘आजी-सिद्धान्त’ म्हणतात. ऑर्का व्हेलमध्येही सॅमन मासे कमी असलेल्या वर्षी पाळी गेलेल्या माद्या कळपाच्या पुढे राहून वाट दाखवताना दिसल्या आणि अशी आजी वारली की तिच्या नातवंडांच्या मरणाचा धोका वाढलेला आढळला.

या सिद्धान्ताला विरोध करणारेही आहेत आणि वाद अजून चालू आहे. न्गोगोच्या चिंपांझी आज्या नातवंडं सांभाळत नाहीत, त्यामुळे कोडं आणखी अवघड झालं आहे. पण एवढं म्हणता येतं: पाळी गेल्यानंतरचं आयुष्य हे उरलंसुरलं आयुष्य नव्हे. माणसाच्या जडणघडणीत त्याचा वाटा असावा, असं मानायला चांगला आधार आहे.

४. वय ४६. पाळी आठ-दहा दिवस चालते, गाठी पडतात. सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरचा फायब्रॉइड निघाला. डॉक्टर म्हणाले, मुलं झाली आहेत, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. काढावी का? (बँक कर्मचारी, ठाणे)

घाई करू नका. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कॅन्सरची असणं अतिशय दुर्मीळ. इस्ट्रोजेनवर ती पोसते, म्हणून पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. तुमचं वय पाहता ती वेळ फार दूर नाही.

आधी हिमोग्लोबिन तपासा. बारापेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करा. खूप कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं. जास्त रक्तस्रावावर पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत. हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवली तर पाच वर्षं किंवा जास्त काळ रक्तस्राव खूप कमी राहतो. गाठ आतल्या पोकळीत डोकावत असेल तर दुर्बिणीने तेवढीच काढता येते. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव होत असेल तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घेणं महत्त्वाचं. ते केल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नका.

औषधांनी गुण येत नाही, गाठी मोठ्या आहेत, अस्तराच्या तपासणीत दोष निघाला, अशा वेळी शस्त्रक्रिया योग्यच असते आणि तिने अनेकींचं आयुष्य सुखाचं झालं आहे. पण ‘मुलं झाली’ हे पिशवी काढायचं कारण होऊ शकत नाही. दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. शस्त्रक्रिया ठरलीच तर एक प्रश्न नक्की विचारा: “अंडाशय ठेवणार की काढणार, आणि का?”

५. आई ऊसतोडीला जाते. तिची पिशवी ३१ व्या वर्षी काढली. आता ती ३९ ची आहे. कंबर, गुडघे सतत दुखतात, झोप लागत नाही, अंगाची आग होते. लोक म्हणतात, कामाने झिजली. या दुखण्याचा ऑपरेशनशी संबंध आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, केज तालुका, बीड)

बाळा, संबंध असण्याची दाट शक्यता आहे.

गर्भाशय काढलं की पाळी थांबते. पण इस्ट्रोजेन बनतं ते अंडाशयांत. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकाएकी तळाला जातं. जो बदल निसर्ग चार-पाच वर्षांत हळूहळू घडवतो, तो दोन दिवसांत होतो. वाफा तीव्र येतात, हाडं वेगाने ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली असली तरी पिशवी काढलेल्या स्त्रियांत ती काही वर्षं लवकर थकलेली आढळतात. कोयता चालवून, मोळ्या वाहून कंबर दुखणारच, पण सगळं दुखणं कामाच्या माथी मारलं की उपचार राहून जातो.

तुझ्या आईसारख्या हजारो जणी आहेत. २०१९ मध्ये बीडची ही गोष्ट देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. पहाटेपासून फडात काम, पाल ठोकलेल्या जागी ना संडास ना पाणी, पाळीत एक दिवस जरी खाडा झाला तरी मुकादमाचा दंड, डोक्यावर उचलीचं कर्ज. त्यात अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे गेलं तर ‘पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल’ अशी भीती. अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गामुळे असतं आणि आठवडाभराच्या औषधाने बरं होतं.

हे फक्त बीडपुरतं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या पिशवी काढलेल्या भारतीय स्त्रियांचं ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय ३४ होतं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या तीन महिन्यांत अमलात आणा, असा आदेश एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना दिला.

आता तू काय करायचं ते सांगते. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोध आणि त्यात अंडाशयांबद्दल काय लिहिलं आहे ते पाहा. कागद मिळाला नाही तर सोनोग्राफीत कळतं. आईला जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात घेऊन जा. इतक्या लहान वयात इस्ट्रोजेन संपलं असेल तर, दुसरी काही अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते औषधाने देणं हाच जगभरचा प्रघात आहे. सोबत हाडांची घनता, रक्तदाब, साखर तपासून घे. आईला सांग, की या दुखण्यावर उपचार आहे आणि तो तिला मिळायला हवा.

६. वाफांनी रात्रीची झोप गेली आहे. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या. मैत्रिणी म्हणतात, त्याने स्तनाचा कॅन्सर होतो. कुणाचं ऐकू? वय ५०. (पुणे)

ही भीती कुठून आली ते आधी पाहू. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात १६,६०८ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी दिली, निम्म्यांना बिनऔषधाची. जुलै २००२ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत स्तनाचे कॅन्सर आणि हृदयविकार वाढलेले दिसले. जगभर मथळे झळकले आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या.

आकडे नीट वाचले तर चित्र वेगळं दिसतं. दरवर्षी दहा हजार स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ३० वरून ३८ झालं, म्हणजे आठ जणी जास्त. कंबरेच्या हाडाची फ्रॅक्चर पाचाने, आतड्याचे कॅन्सर सहाने कमी झाले. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांसाठी औषध मागणारी बाई पन्नाशीची असते. पिशवी काढलेल्या स्त्रियांना याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला नाही.

आज तज्ज्ञांचं मत असं आहे: साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास बराच असेल आणि मनाई करणारं कारण नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे काळ्या चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल तर ही औषधं टाळतात. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका निर्माण होतो. त्वचेवर लावायच्या जेलने किंवा पॅचने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. डॉक्टरांशी दरवर्षी बोलून पुढचं ठरवा. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर दुकानातून आणून मात्र घेऊ नका.

७. गावाचं नावही छापू नका. दोन वर्षांपासून संबंधांच्या वेळी फार आग होते. यांना सांगता येत नाही. वारंवार लघवीला जळजळही होते. हे आता असंच राहणार का?

नाही, यावर अगदी सोपा इलाज आहे. योनिमार्गाची आणि मूत्रमार्गाची त्वचा इस्ट्रोजेनवर जगते. ते कमी झालं की ती पातळ आणि कोरडी होते, आतली आम्लता घटते, म्हणून आग होते आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वाफा काही वर्षांनी ओसरतात, पण कोरडेपणा उपचार न केल्यास वाढत जातो.

योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. सुरुवातीला दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. त्यातलं हार्मोन रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे बहुतेकींना ते वर्षानुवर्षं वापरता येतं. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा. संबंधांच्या वेळी पाण्यात विरघळणारी जेली वापरा. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश आत लावू नका. लघवीची तपासणी एकदा करून घ्या. आणि यजमानांना सांगा, की ही शरीराची अडचण आहे, तुमच्यावरचं प्रेम कमी झालेलं नाही. कारण कळलं की अनेक जोडप्यांमधला अबोला सुटतो.

८. ‘चाळिशीनंतरचं संपूर्ण महिला पॅकेज’ म्हणून साठ तपासण्यांची जाहिरात येते. खरोखर काय करावं? आणि पाळी जाऊन तीन वर्षं झाल्यावर परवा जरासा डाग दिसला, तो मनावर घ्यावा का? (गडहिंग्लज)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे. हो, मनावर घ्या. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा कारण कोरडेपणाचं किंवा एखाद्या साध्या कोंबाचं असतं. पण अशा साधारण दहा स्त्रियांपैकी एकीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सापडतो. सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासतात. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

आता तपासण्या. साठ लागत नाहीत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल पाहा. पाळी गेल्यावर घातक कोलेस्टेरॉल वाढतं आणि हृदयविकाराबाबत बाईला पुरुषापेक्षा असलेलं झुकतं माप हळूहळू संपतं. गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी करून घ्या. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी या दोन्ही सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत असतात.

या दोन तपासण्यांचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यातून आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. तो २०२१ मध्ये छापून आला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

हाडांसाठी: पाळी जाण्याच्या आसपासच्या पाच-सहा वर्षांत हाडांची घनता दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते. आईचं कंबरेचं हाड मोडलं होतं, पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं, यांपैकी काही असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लवकर करा. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. दूध-दही, तीळ, राजगिरा, काट्यासकट खायचे बारीक मासे यांतूनही मिळतं. रोज अर्धा तास झपझप चालणं आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवाच. वाळूच्या दोन पिशव्याही चालतात. मिश्री, तंबाखू आजच सोडा.

९. बायको ४९ ची आहे. बारीकसारीक गोष्टीवरून चिडते, रडते, नावं विसरते. म्हणते, मला वेड लागतंय का? मी काय करू? (शेतकरी, जामनेर)

तुम्ही पत्र लिहिलंत, हेच मोठं काम केलंत. त्यांना वेड लागलेलं नाही. रात्री चार-पाच वेळा घामाने जाग येणाऱ्या माणसाची चिडचिड होते, लक्ष उडतं. हार्मोनच्या चढउतारांचा मनावर थेट परिणामही होतो. शब्द न आठवणं या काळात खूप जणींना जाणवतं आणि बहुतेकींत पुढे सुधारतं.

पण पंधरा दिवसांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, जेवण-झोप तुटली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तो उपचाराने बरा होतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, मराठीतही बोलता येतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

घरात एवढं करा. रात्रीचा स्वयंपाक, पाणी भरणं, म्हाताऱ्यांची औषधं यांतली दोन कामं कायमची स्वतःकडे घ्या. वाद घालण्याऐवजी “आज झोप झाली का?” असं विचारा. आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत जा. नवरा शेजारी बसला असेल तर बाई आपलं दुखणं अर्ध्यावर सोडत नाही.

सगळ्याच वाचकांना शेवटी एक विनंती. पाळी गेल्यानंतर आपल्याकडची बाई आणखी पंचवीस-तीस वर्षं जगते. हा आयुष्याचा मोठा भाग आहे आणि तो दुखणं अंगावर काढण्यात घालवू नये. घरात पंचेचाळिशीपुढची आई, बहीण, बायको, जाऊ असेल तर या आठवड्यात तिला तब्येतीबद्दल नीट विचारा, आणि तिने सांगितलं तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.